गमबुटाचं लिव्हर

त्या रविवारी सकाळी कारखानदार संघटनेच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात धरून रांगेत उभी होती. एरवी या हॉलमध्ये पगारवाढीची बोलणी फिसकटतात आणि खुर्च्या आपटल्या जातात. त्या दिवशी मात्र टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पुढे व्यासपीठावर एक खुर्ची, खुर्चीपुढे पांढरा प्लॅस्टिकचा टब, टबात कोमट पाणी आणि पाण्यात बुडवलेली भोकाभोकांची एक डबी. डबीतून निघालेली वायर एका पेटीला जोडलेली, आणि पेटीमागे परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांतले देहशुद्धीवाले महाराज. त्यांनी स्वतःला घेतलेलं नाव इतकं लांब होतं की बॅनरवर दोन ओळींतही मावलं नव्हतं. मी त्यांना टबबाबा म्हणतो.

पहिला मान पॅकिंगच्या मुकादमाचा. टबबाबांच्या चेल्याने पाण्यात चमचाभर मीठ टाकलं. साधं मीठ नव्हे हं, 'जागृत' मीठ.

"पाय सोडा," टबबाबा म्हणाले. "डोळे मिटा. संशय दाराबाहेर ठेवा, टबात फक्त पाय ठेवा."

बटण दाबलं. पाच मिनिटांत पाणी पिवळसर झालं, दहाव्या मिनिटाला तपकिरी. विसाव्या मिनिटाला टबात असा गाळ जमला, वर फेस, फेसात काळे कण, की मुकादमाला आपलेच पाय दिसेनात. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर, ओढण्या नाकाला लावल्या. वास कसलाच येत नव्हता, पण लावल्या.

"हे बघा, वीस वर्षांचं विष," टबबाबा म्हणाले. "आतून धन ऊर्जा ढकलते, बाहेरून ऋण ऊर्जा ओढते. डॉक्टर काय करतो? सुई टोचतो, रक्त काढतो आणि विष आतच ठेवतो. मी विष काढतो, रक्त आत ठेवतो. सांगा, शहाणा कोण?"

टाळ्या. भिंतीवर एक रंगीत तक्ता टांगला होता. नारिंगी म्हणजे सांधे, तपकिरी म्हणजे लिव्हर, हिरवं म्हणजे पित्ताशय, काळे कण म्हणजे धातू. मुकादमाचं लिव्हर आणि धातू दोन्ही निघाले होते. गडी कृतार्थ दिसत होता.

मग टबबाबांनी हुकमी पत्ता टाकला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते हात जोडून म्हणाले. "तुमच्यातच कुणी जाणकार असेल, त्याने पुढे यावं आणि सांगावं, हे काय आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी बत्तीस वर्षं मुलाम्याच्या टाकीवर काढली आहेत. नळ, मुठी, कड्या, बिजागऱ्या, जे काही चकाकायला हवं ते आमच्या गल्लीत येतं, टाकीत बुडतं, करंट लागतो आणि निकेल किंवा क्रोम चढून बाहेर पडतं. टाकीतल्या पाण्याचा रंग बघून काय बिघडलंय ते सांगायचं काम माझं. म्हणून मला मास्तर म्हणतात.

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. ऐटीत पुढे गेलो, बोट टबात बुडवलं, दोन बोटांत गाळ चोळला, ट्यूबलाइटकडे धरून पाहिला आणि म्हणालो, "लोखंड आहे."

"ऐकलंत?" टबबाबा कडाडले. "तुमचे मास्तर सांगताहेत. अंगातलं लोखंड."

अंगातलं असं मी म्हणालो नव्हतो. पण नाही असंही म्हणालो नाही.

आता गंमत बघा. शिंपी किंवा न्हावी असता तर 'असेल काहीतरी घाण' म्हणून घरी गेला असता. आम्ही पडलो मुलामेवाले. टाकीत लोखंडाचा एक स्क्रू पडून राहिला तर पाणी कसं तांबूस होतं, ते आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. दिवसभर धातूची वाफ नाकात जाते हेही आम्हाला ठाऊक. मग आत गेलं तेच बाहेर आलं, असा हिशेब प्रत्येकाने मनात जुळवला. अडाण्यांना फसवायला जादू लागते. आम्हाला फसवायला आमचंच अर्धं ज्ञान पुरलं.

टबबाबांना आमच्या गल्लीचा एवढा पुळका अचानक का आला, तेही सांगतो. त्याला कारण माझी पुतणी, धाकट्या भावाची मुलगी. वय एकोणीस, कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती आणि तिच्या वर्गातली आणखी तिघं वर्षभर बाटल्या घेऊन दारोदार पाणी गोळा करत फिरत होती. लोक तिला बाटलीताई म्हणायचे. चौकात पानाच्या टपरीवर त्यावरून काय विनोद व्हायचे ते इथे लिहीत नाही.

गल्लीच्या टोकाला सगळ्यांची बोअर आहे. दोन वर्षांपासून तिचं पाणी किंचित पिवळं येत होतं. आम्ही म्हणायचो, गाळ असेल. पुतणी त्या पाण्यात दोन थेंब टाकायची आणि पाणी जांभळं व्हायचं. क्रोम, म्हणाली. संघटनेने सांडपाणी शुद्ध करायला यंत्रणा बांधली आहे, तिला कुलूप होतं. क्रोमचं पाणी मागच्या खड्ड्यात सोडलं जायचं आणि खड्ड्यातून बोअरमध्ये उतरायचं.

पोरांनी नकाशाही काढला. ज्या घरात पाणी जांभळं झालं तिथे जांभळा ठिपका, ज्या घरात पोटाची, मूत्रपिंडाची, कातडीची दुखणी तिथे काळा ठिपका. बोअरच्या आसपास ठिपक्यांवर ठिपके, आणि जिथे लोक रस्त्यावरच्या नळाचं पाणी भरतात तिथे कागद जवळजवळ कोरा.

"काका, नाल्याची काळजी वेगळी आणि पोटाची काळजी वेगळी, असं नसतं हो," ती म्हणायची. "मागच्या दाराने फेकलेलं पुढच्या दाराने पेल्यात येतं."

आरोग्य अधिकाऱ्याने तिला शब्द दिला होता. साठ घरांनी अर्ज दिला की बोअरला सील आणि सगळ्यांच्या रक्ता-लघवीची मोफत तपासणी. त्रेचाळीस घरांच्या सह्या झाल्या होत्या. चव्वेचाळिसावी होण्याआधी संघटनेने टबबाबांना आणलं. तीन रविवार मोफत शिबिर, आणि शेवटी प्रत्येकाने एका कागदावर सही करायची: माझी देहशुद्धी झाली, प्रकृती ठणठणीत आहे, पाण्याबद्दल तक्रार नाही. खुर्च्या, मांडव, चहा, सगळं संघटनेचं. विष कुणाचं, हे विचारायची पद्धत नव्हती.

माझी सून तेव्हा सहाव्या महिन्यात होती. पुतणीच्या सांगण्यावरून ती रोज रस्त्यावरच्या नळावरून पाण्याचा कॅन आणायची. येता-जाता पाऊण तास. त्या रविवारी टबबाबांनी तिला रांगेतून पुढे घेतलं, "दोन जिवांचं विष आहे" म्हणून. पाणी तपकिरी झालं.

"आता कुठलंही पाणी प्या," ते म्हणाले. "शुद्ध देहाला बाहेरचं काही बाधत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आबा, तुम्ही म्हणालात ना, लोखंडच आहे ते?"

"लोखंडच आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून कॅन कोपऱ्यात पडला आणि सून बोअरचं पाणी प्यायला लागली.

पुतणी त्या रविवारी संध्याकाळीच घरी आली होती, ती दारातूनच बोलत आली. "काका, लोखंड आहे हे मान्य. पण कुणाचं?"

"म्हणजे?"

"माणसाच्या अख्ख्या अंगात मिळून एखाद-दुसऱ्या खिळ्याएवढं लोखंड असतं. त्या टबात तेवढं एका बैठकीत निघालं, तर मुकादम उठून घरी चालत कसा गेला? आणि आपण पितो क्रोम, तर त्यांच्या टबात लोखंडच का निघतं? एकदा आठवून सांगा ना, तुम्ही नक्की काय पाहिलंत?"

प्रश्न बिनतोड होता, आणि बिनतोड प्रश्न आला की मला राग येतो. "दोन बुकं शिकलीस म्हणून मला टाकी शिकवतेस?" मी म्हणालो. "बत्तीस वर्षं काय गोट्या खेळलो मी? जा, बाटल्या भर."

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोर काय विचारतेय ते तरी ऐका." मी ऐकलं नाही. पुतणी गेली. मी जेवायला बसलो, आणि सुनेने माझ्यापुढे बोअरच्याच पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसरा रविवार गेला. सून पुन्हा टबात बसली. या खेपेला पाणी फिकट आलं. "बाळ शुद्ध झालं," टबबाबा म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, आलं.

त्या आठवड्यात शुक्रवारी मी निकेलच्या टाकीतले अ‍ॅनोड बदलत होतो. अ‍ॅनोड म्हणजे टाकीत टांगलेल्या धातूच्या जाड पट्ट्या. करंट सोडला की ती पट्टी पाण्यात विरघळत जाते आणि तोच धातू मालावर चढतो. महिन्याभराने बाहेर काढली की पट्टी कडेने कुरतडलेली असते, उंदराने बिस्कीट खावं तशी. तशी एक पट्टी हातात धरून मी उभा होतो आणि पुतणीचा प्रश्न डोक्यात आला. लोखंड कुणाचं? टबात डबी. डबीला वायर. मिठाचं पाणी. करंट.

बत्तीस वर्षं रोज जे करतो तेच माझ्यासमोर टबात मांडलं होतं, आणि मी त्याला नमस्कार करून आलो होतो. वर दाखला देऊन आलो होतो. अक्कल गहाण ठेवणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मी भावाच्या घरी गेलो. पुतणीला म्हणालो, "चुकलो. डबीत लोखंडाच्या पट्ट्या असणार."

तिने 'मी सांगत होते' असं म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "आणि काका, त्या चेल्याचा चमचा बघितलात? पहिल्या रविवारी भरून मीठ, दुसऱ्या रविवारी चिमूटभर. मीठ कमी, तर करंट कमी, तर रंग फिका. लोकांना वाटतं विष कमी झालं. वहिनीला आधी सांगू या."

"मी सांगतो," मी म्हणालो. घरी जाऊन सांगितलंही. सून शांतपणे म्हणाली, "आबा, त्या दिवशी सगळ्यांसमोर लोखंड म्हणालात. आता घरात येऊन नाही म्हणताय. मी कुठलं खरं धरू?"

खरंच होतं तिचं. चूक चारचौघांत केली होती, ती चारचौघांतच निस्तरायला हवी होती.

तिसऱ्या रविवारी हॉल खच्चून भरला. सह्यांचे कागद टेबलावर, पेनं दोरीला बांधलेली. पुतणी आणि तिच्या वर्गातली ती तिघं मागे उभी होती. टबबाबांनी त्यांना हेरलं.

"या बाटलीवाल्या मुलांना मी ओळखतो," ते गोड हसून म्हणाले. "ही पाणी जांभळं करतात, मी तपकिरी करतो. रंग तर दोघंही दाखवतो. मग यांचा रंग विज्ञान आणि माझा रंग थोतांड, असं का बरं?"

हशा पिकला. मला वाटलं, पोर गडबडणार. ती पुढे आली.

"चांगला प्रश्न आहे," ती म्हणाली. "आमचे थेंब रस्त्यावरच्या नळाच्या पाण्यात टाकले तर जांभळं होत नाही. काही घरांत होतं, काही घरांत होत नाही. म्हणून त्या रंगाला अर्थ आहे. तुमच्या टबात आजवर एकाचं तरी पाणी स्वच्छ राहिलं का? ज्या परीक्षेत प्रत्येकाचा निकाल एकच लागतो, ती परीक्षा कसली?"

"कारण विष प्रत्येकात आहे, बाळ."

"मग कुणीच नसलेला टब चालवून दाखवा."

"यंत्राला देह लागतो. देह नसेल तर वीस मिनिटं काय, वीस तास चालवा, पाणी स्फटिकासारखं राहील."

तेवढंच हवं होतं. मी उठलो. "महाराज," मी म्हणालो, "आमच्या गल्लीचा एक रिवाज आहे. टाकीत नवीन पाणी भरलं की आम्ही लगेच खरा माल लावत नाही. आधी भंगाराचा पत्रा टांगून करंट सोडतो. त्याला खोटा फेरा म्हणतात. त्यात जे दिसतं ते टाकीचं, मालाचं नव्हे. खोटा फेरा न घेता माल लावणाऱ्याला आम्ही कामावर ठेवत नाही. तुमच्या टबाचा खोटा फेरा आम्ही घेतलाच नाही. पहिल्या रविवारी मीच मागायला हवा होता. मी मागितला नाही, ही माझी चूक."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. खोटा फेरा म्हटल्यावर मुलामेवाला नाही म्हणूच शकत नाही. "बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं. "फेरा घ्या." संघटनेचे अध्यक्ष घड्याळ बघायला लागले.

"भंगार म्हणून काय लावायचं?" मुकादमाने विचारलं.

क्रोमच्या टाकीवरचा एक गडी पाळीवरून तसाच आला होता. त्याने पायातला गमबूट काढला, नळाखाली स्वच्छ धुतला, आत विटेचा तुकडा टाकला आणि टबात उभा केला. मीठ मी घातलं, भरून चमचा. पुतणीच्या मैत्रिणीने बटण दाबलं.

पाच मिनिटांत पिवळसर. दहाव्या मिनिटाला तपकिरी. विसाव्या मिनिटाला फेस आणि काळे कण. मुकादम तक्त्यापाशी गेला आणि गंभीरपणे वाचू लागला. "तपकिरी म्हणजे लिव्हर. अरे, गमबुटाचं लिव्हर गेलं की."

अख्खा हॉल फुटला. मागून कुणी विचारलं, "पितो का रे तुझा बूट?" गमबुटाच्या मालकाने एका पायावर उभं राहून सांगितलं, "डावा पितो. उजवा निर्व्यसनी आहे."

टबबाबांनी हात वर केला. "त्यात माणसाचा घाम मुरला आहे. हे विष त्या घामाचं."

"असेल," मी म्हणालो. टबातली डबी उचलली आणि झाकण उघडलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या. एक जवळजवळ शाबूत, दुसरी कडेने कुरतडलेली, मधे भोक पडलेली. मी ती पहिल्या रांगेत दिली. पट्टी हातोहात मागे गेली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अशी पट्टी तिथे प्रत्येकाने शेकडो वेळा काढून भंगारात टाकली होती. हसणं हळूहळू थांबलं.

मग मी पिशवीतून तांब्याच्या दोन पट्ट्या काढल्या आणि डबीत बसवल्या. नवं पाणी, तेच मीठ, तोच बूट. पाणी निळसर झालं, मग हिरवट.

"हिरवं," मुकादम तक्ता न बघताच म्हणाला. "पित्ताशय." आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "महाराज, घाम तर तोच होता. लिव्हरचं पित्ताशय कसं झालं?"

टबबाबांनी पुष्कळ काही सांगितलं. ग्रह नव्हते, पण ऊर्जा होती, कंपनं होती, नकारात्मक माणसं होती. चेला मात्र व्यवहारी निघाला. त्याने तोवर पेटी आवरून गाडीत ठेवली होती. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही चांगल्या हेतूने..." आणि पुन्हा घड्याळ बघायला लागले.

सून मधल्या रांगेत बसली होती. ती उठून माझ्यापाशी आली. लोकांची ये-जा चालली होती, ती हळूच बोलली. "आबा, मग मी दोन आठवडे काय प्यायले?"

"क्रोमचं पाणी," मी म्हणालो. "माझ्या शब्दावर."

"बाळाला काही होईल?"

मी पुतणीकडे पाहिलं. टबबाबांनी ताबडतोब उत्तर दिलं असतं. पुतणी म्हणाली, "माहीत नाही, वहिनी. होईलच असंही नाही आणि होणार नाही असंही मी म्हणू शकत नाही. तपासणी केली तर थोडं कळेल. ते पाणी आजपासून बंद कर, एवढं मात्र मला नक्की माहीत आहे."

सुनेने टेबलावरचं दोरीला बांधलेलं पेन ओढून तोडलं, 'तक्रार नाही' चा कागद बाजूला सारला आणि पुतणीच्या अर्जावर सही केली. पेन माझ्या हातात दिलं. माझ्यामागे मुकादम, मुकादमामागे गमबूटवाला. त्या दुपारी साठाच्या वर घरं झाली.

बोअरला सील लागलं. यंत्रणेचं कुलूप निघालं. रोज चालते की नाही ते पोरं जाऊन बघतात. तपासणीत सुनेच्या लघवीत क्रोम सापडलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाणी थांबवलंत, आता उतरत जाईल, बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवू. म्हणजे वाट बघायची. अजून दोन महिने आहेत. कॅन आता मी आणतो. सून माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, पण पाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर फोन पुतणीला करते.

तुमच्याही गल्लीत कुणी टब, अंगठी, पाणी, पुडी घेऊन येईल. त्याला म्हणा, आधी खोटा फेरा दाखव. रोगी नसताना काय होतं, औषध नसताना काय होतं, तू नसताना काय होतं, ते बघू दे. त्यात पाप नाही, अपमान नाही, फक्त वीस मिनिटं जातात. आणि माझ्यासारखा एखादा मास्तर उठून मान डोलवायला लागला, तर त्यालाही सोडू नका. विचारा, तुम्ही नक्की काय पाहिलंत? मला हे पहिल्याच रविवारी संध्याकाळी एका मुलीने विचारलं होतं. मी तिला बाटल्या भरायला पाठवलं, आणि त्यानंतर सून चौदा दिवस ते पाणी प्यायली.